सिंहाचं आडनाव

शनिवार, ८ नोव्हेंबर

सिदीशी भांडण झालं की मला दोन दिवस उत्तरं सुचत राहतात. ती वाया जाऊ नयेत म्हणून आजपासून लिहून ठेवणार आहे.

सिदी माझा शाळेपासूनचा मित्र. काकाच्या होडीवर जाळं ओढतो आणि जमिनीवर आला की माझं डोकं खातो. आज होडी वर ओढून झाल्यावर सगळ्यांसमोर म्हणाला, "काय अध्यक्षीणबाई, तुमचा मास्तर काय म्हणतो? डिझेल स्वस्त करणार होता ना? की मधली सुट्टी झालीय?"

मी म्हटलं, "साठ वर्षांची घाण दीड वर्षात निघते का रे? तू साधी अंघोळ तरी वेळेवर करतोस का?"

सगळे हसले. सिदीही हसला. पण जाताना म्हणाला, "किने, मत मीही दिलंय. म्हणूनच विचारतो." याला उत्तर सुचायला मात्र संध्याकाळ झाली, आणि तेही बरं नाही, म्हणून लिहीत नाही.

मास्तर म्हणजे आमचे राष्ट्राध्यक्ष. खरोखरच मास्तर होते, देशाच्या आतल्या भागात गणित शिकवायचे. आधीच्या सरकारने त्यांना तुरुंगात टाकलं आणि आमचं विद्यापीठ बंद केलं. मी एका पिशवीत कपडे भरून डाकारहून सिलानला परत आले. मग निवडणूक लागली. मी, सिदी आणि बिराम, आम्ही तिघांनी हे गाव मास्तरांच्या मागे उभं केलं. म्हाताऱ्या बायकांना मी सरळ दम दिला होता, "मास्तरला मत नाही, तर इटलीतल्या मुलाशी व्हिडिओवर बोलायचं तुमचं तुम्ही जमवा." एकेक आजी कशी सुतासारखी सरळ आली! निकाल लागला त्या दिवशी मी इतकी नाचले की चप्पल समुद्रात गेली. बोटावरची शाई टिकावी म्हणून आठवडाभर भांड्यांना हात लावला नाही. आई म्हणाली, "तुझा मास्तर येणार का घासायला?"

आई त्यांना 'तुझा मास्तर' म्हणते खरी, पण टीव्हीवर कोणी त्यांना नावं ठेवली की उठून टीव्ही बंद करते. कारण मास्तरांचं आडनाव न्दियाय आणि आईचंही न्दियाय. बाबा आणि मी दियोप; आमच्यात लग्नाने आडनाव बदलत नाही. दियोप आणि न्दियाय एका घरात म्हणजे रोजची करमणूक. बाबा तिला 'माझी गुलाम' म्हणतात, ती त्यांना 'भातखाऊ' म्हणते, आणि आमच्या बापजाद्यांच्या नियमाप्रमाणे या दोन कुळांनी एकमेकांना काहीही बोलावं, जो रागावला तो हरला. "सिंहाचंसुद्धा आडनाव न्दियाय आहे," असं आई दिवसातून एकदा तरी ऐकवते. बाबा म्हणतात, "असेल. म्हणून तर कामाला हात लावत नाही."

देशाला अभिमान वाटावा असा माणूस मी निवडून आणला. मला कोणी काही म्हणो.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

मास्तर येणार! इथे! सिलानला!

बिराम दुपारी चहाला आला होता, त्याने सांगितलं. बिराम आता पक्षाचा युवा प्रमुख आहे, नगरपालिकेत बसतो, पांढरी गाडी आहे. जानेवारीत कारखान्याची पायाभरणी आहे आणि दगड बसवायला स्वतः मास्तर येणार. दुधाचं भांडं देऊन त्यांचं स्वागत मी करायचं! "तुझ्याशिवाय कोण?" बिराम म्हणाला. माझ्या हातातला पेला सांडला.

सिदी कोळशावर किटली हलवत बसला होता. त्याने विचारलं, "कसला कारखाना?"

"माशांच्या भुकटीचा. नोकऱ्या आहेत रे, नोकऱ्या!"

"भुकटी खाणार कोण?"

"बाहेर जाते. त्यांच्या तिकडच्या डुकरांना, कोंबड्यांना घालतात."

"आणि मासे आपले."

"तुझं हे नेहमीचंच," बिराम म्हणाला आणि दुसरा पेला संपवून उठला. आमच्याकडे चहा तीन पेल्यांचा; तिसरा, गोड पेला यायचा होता, पण त्याला बैठक होती. मागच्या आठवड्यातही दुसऱ्या पेल्यालाच उठला. बिचाऱ्याला श्वास घ्यायला फुरसत नाही. सत्ता म्हणजे काय खेळ आहे!

रविवार, १६ नोव्हेंबर

आज मोजणीची माणसं आली आणि आईच्या खळ्यात खुंट्या ठोकून गेली. वर लाल रंग दिलेल्या, मनगटाएवढ्या जाड खुंट्या.

खळं म्हणजे किनाऱ्याच्या वरच्या अंगाची वाळू. होड्या लागतात तिथून हाकेच्या अंतरावर. तारली मासळी उतरली की बायका तिथेच तिला भाजतात, मीठ लावतात, माचांवर सुकत घालतात. आई तिथल्या बायकांची मुख्य आहे. माझी शाळा, माझं डाकार, बाबांच्या पाठीचं ऑपरेशन, सगळं त्या धुरातून आलंय. विद्यापीठात माझ्या केसांना वास येतो म्हणून मुली नाक मुरडायच्या. मी मुद्दाम त्यांच्या शेजारी बसायचे.

मी धावत बिरामकडे गेले. तो म्हणाला, कारखाना खळ्याच्याच जागी होणार, पण बायकांना दुसरी जागा मिळेल, पक्की, छप्पर घालून, नळासकट. मास्तरांनी शब्द दिलाय. मग मी शांत झाले. उगाच घाबरले होते.

घरी येऊन आईला सांगितलं. ती नुसतं "बरं" म्हणाली. बाकीच्या बायका तावातावाने बोलत होत्या, पण आईने एका खुंटीवर डोक्याचं फडकं वाळत टाकलं आणि तारली उलटायला लागली. आईला पटलंय. ती न्दियाय आहे, तिचा मास्तरांवर विश्वास आहे.

सोमवार, २४ नोव्हेंबर

मिठाची घोडागाडी आली होती. दरवर्षी या दिवसांत आई अख्ख्या हंगामाचं मीठ भरून ठेवते. यंदा एक गोणसुद्धा घेतली नाही. महागलंय म्हणाली, उरलंय तेवढं पुरेल. खळ्यातल्या कुठल्याच बाईने घेतलं नाही. गाडीवाला तसाच परत गेला.

मिठाच्या भावाकडे मास्तरांनी लक्ष घालायला हवं. भेटतील तेव्हा सांगेन.

मंगळवार, २ डिसेंबर

जेवताना बाबांनी आईची कळ काढली. आम्ही सगळे एका परातीभोवती बसलो होतो. बाबा म्हणाले, "न्दियाय निवडून दिला की हे असंच होणार. गुलामाच्या हाती घर दिलं की तो आधी स्वयंपाकघर विकतो."

एरवी आईने पळीच उगारली असती. आज म्हणाली, "तुम्ही बोला. दियोप आहात, तुम्हाला मुभा आहे. मी बोलायला लागले तर माझ्याच कुळाची लक्तरं वेशीवर टांगल्यासारखं होईल."

"म्हणजे तुला कारखाना नको आहे?" मी विचारलं.

"मासळी घे," आई म्हणाली, आणि तिच्या पुढ्यातला मोठा तुकडा मोडून माझ्याकडे सरकवला.

बायकांना आईचा राग आलाय, हे मला आज कळलं. त्यांना नगरपालिकेवर मोर्चा न्यायचा होता. आईने नाही म्हटलं. म्हणाली, थांबा, त्याला येऊ द्या. मला तर बरंच वाटलं. मास्तर यायच्या तोंडावर भांडी बडवत मोर्चा गेला असता, तर मी त्यांना कुठल्या तोंडाने दूध देणार होते?

शुक्रवार, १९ डिसेंबर

सिदीने मला नवी जागा बघायला नेलं. नेलं म्हणजे, "घाबरतेस का?" असं विचारलं, म्हणून मी गेले.

मिठागरांच्या पलीकडे, रस्त्याच्याही पलीकडे आहे. छप्पर नाही. नळ नाही. एक बकरी होती, तीही चुकून आलेली असावी. वारा असा की तोंड उघडलं की वाळू. तिथून समुद्र दिसतही नाही. तारली टोपल्यांतून तिथवर न्यायची तर घोडागाडीला पैसे द्यायला हवेत, आणि पोहोचेपर्यंत ती नासायला लागणार. हे समजायला काही विद्यापीठात जावं लागत नाही.

"तुझा मास्तर गणितात पक्का," सिदी म्हणाला. "आपल्याला अलगद वजा केलंन्."

मी त्याच्यावर ओरडले. त्यांना हे ठाऊकच नसणार, खालचे लोक खोटं सांगत असणार, तू आधीपासूनच जळतोस, असं काय काय बोलले. सिदीने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "प्रचाराच्या वेळी फलक चिकटवायला शिडीवर कोण चढलं होतं? मी. पोलिसांच्या काठ्या कोणी खाल्ल्या? मी आणि बिरामने. मला मास्तर नको झालाय असं समजू नकोस. मला तो हवाय. आपण निवडलेला, तो."

परत येताना मला रडू येत होतं आणि त्याला ते दिसू नये म्हणून मी पुढे चालत होते.

मंगळवार, ६ जानेवारी

बिरामने कापड पाठवलं. हिरवं, त्यावर जागोजागी मास्तरांचं हसरं तोंड. सगळ्या बायकांनी शिवून घालायचं. आईने घडी मोडून पाहिलं. एक तोंड नेमकं बसायच्या जागी येत होतं. ती म्हणाली, "माझ्या कुळातल्या माणसावर मी बसायचं होय?" आणि पुन्हा घडी करून ठेवलं. बाबा पोट धरून हसले.

माझं भाषणही आलं. अर्धं पान. सगळं धन्यवाद, धन्यवाद आणि शेवटी आणखी धन्यवाद. मी बिरामला गाठून म्हटलं की यात खळ्याबद्दल एक ओळ घालू दे. एकच. नवी जागा बघून आले तेही सांगितलं.

"वेडी आहेस का? असल्या कार्यक्रमात असलं काही बोलतात का?"

"मग कधी बोलतात?"

"नंतर. मी बोलेन ना."

"तू ती जागा पाहिलीस?"

त्याने फोन बघितला. म्हणाला, "किने, आपण सरकारात आहोत आता. रस्त्यावर नाही." त्याला माझ्याकडे बघवत नव्हतं. किंवा खरंच काही महत्त्वाचा निरोप आला असेल.

भाषण पाठ करतेय. धन्यवाद हा शब्द इतक्या वेळा म्हटला की आता त्याला काही चवच उरलेली नाही.

बुधवार, १४ जानेवारी

उद्या. आईने संध्याकाळी माझे केस विणले. वेण्या इतक्या घट्ट घालते की डोळे तिरपे होतात. मी म्हटलं, "हळू." ती म्हणाली, "न्दियायसमोर उभी राहणार आहेस. गबाळी दिसलीस तर तो म्हणेल, दियोपांकडे फणीसुद्धा नाही."

मग शेवटची वेणी बांधताना म्हणाली, "हात देईल तेव्हा आडनाव विचारेल. सगळेच विचारतात. तू मोठ्याने सांग. तिथे भोंगा असेल ना, त्यात ऐकू जाईल असं."

"भाषणात माझं नाव आहे की. 'आपली किने.'"

"आपली-बिपली नको. आडनाव सांग."

का ते विचारलं तर उठून चुलीकडे गेली. आईच्या मनात काय असतं ते तिचं तिलाच ठाऊक. बहुधा तिला वाटत असेल, मुलगी कोणाची ते लोकांना कळावं.

गुरुवार, १५ जानेवारी

मध्यरात्र झालीय. तरी आजच लिहिणार.

सकाळपासून ढोल सुरू होते. मांडव, खुर्च्या, दगड, दगडाशेजारी घमेल्यात कालवलेलं सिमेंट आणि त्यात खोचलेली चकचकीत थापी. खळ्याच्या कडेलाच हे सगळं. धूर दिसू नये म्हणून मध्ये हिरव्या कापडाची भिंत उभी केली होती. बायका हिरव्या कपड्यांत रांगेने उभ्या. त्यांत आई नव्हती.

मास्तर गाडीतून उतरले. टीव्हीवर दिसतात त्याहून बुटके आहेत. डोळ्यांखाली काळं आलंय. मला एकदम कणव आली, सांगायला लाज कसली. मी पुढे झाले, दुधाचं भांडं दिलं, त्यांनी घोट घेतला, माझा हात हातात घेतला. बिरामने भोंग्याचा माईक माझ्या तोंडासमोर धरला. माझ्या दुसऱ्या हातात भाषण. आणि मास्तरांनी विचारलं, आपल्याकडे कोणीही विचारेल तसंच, "आडनाव काय गं पोरी?"

"दियोप!" मी म्हटलं. भोंग्यातून ते पार होड्यांपर्यंत गेलं.

मास्तरांचा चेहराच पालटला. थकवा गेला, डोळ्यांत पोरकटपणा आला. लोकांकडे वळून म्हणाले, "अरे देवा! इतक्या लांब समुद्रापर्यंत आलो, तर इथेही भातखाऊ दियोप! पोरी, तुझ्या बापाने सांगितलं नाही का तुला, की तुम्ही आमचे गुलाम?"

लोकांनी हसून मांडव डोक्यावर घेतला. ढोलवाल्याने एक थाप दिली. बिरामही हसला. फक्त त्याच्या हातातला माईक जरासा खाली आला, आणि तो का ते मला एका क्षणाने कळलं. सुरुवात मास्तरांनी केली होती. न्दियायने दियोपाची कळ काढली की दियोपाने उत्तर द्यायचंच असतं. मग समोर राजा असो की राष्ट्राध्यक्ष. आणि रागावला तो हरला.

वेण्या घालताना आई काय म्हणत होती तेही मला तेव्हाच कळलं.

मी भाषणाची घडी केली. माईक बिरामच्या हातातून घेतला. तो सोडत नव्हता, पण मी कोळ्याची मुलगी आहे, ओढायची सवय आहे. आणि देशाच्या राष्ट्राध्यक्षाला मी अरे-तुरे केलं.

"न्दियाय, मी गुलाम, मालकाला एक विचारू का?"

"विचार, विचार!"

"माझी आई तुझ्याच आडनावाची. ती रोज सांगते, सिंहाचं आडनाव न्दियाय आहे. खरं का?"

"अगदी खरं," मास्तर छाती काढून म्हणाले.

"मग सिंह आज आमच्या मासळीच्या खळ्यात कशाला आलाय? सुकी तारली पळवतं ते मांजर."

मला समुद्र ऐकू आला. काळ्या चष्म्याचा एक माणूस माझ्याकडे निघाला. तेवढ्यात बायकांच्या रांगेतून एक आरोळी उठली, मग दुसरी, मग ढोलवाल्याला राहवेना. त्याने असा ठेका धरला की मागच्या म्हाताऱ्या उठून उभ्या राहिल्या. मास्तरांनी हात वर केला आणि चष्मेवाला जागच्या जागी थांबला. ते हसत होते. हसावंच लागतं. मी म्हटलं, "तुला मत द्यायला याच बायकांना मी ओढत नेलं होतं. त्यांना काय सांगू? की आपला सिंह शेपूट घालून कारखानदाराच्या मांडीवर बसला?"

आता हसू थांबलं. त्यांनी हळूच विचारलं, भोंग्यात न जाईल असं, "कुठलं खळं?"

मी त्या कापडाच्या भिंतीकडे बोट केलं. मास्तर बिरामकडे वळले, मग नगराध्यक्षांकडे. दोघांनाही एकदम घाम पुसायचा होता. कोणीतरी "पडीक जमीन" असं काहीतरी पुटपुटलं. मग मास्तर स्वतःच चालत गेले, कापड बाजूला केलं आणि आत शिरले. मागून सगळा गाव.

आई चुलीपाशी होती. कमरेला रोजचं फाटकं कापड, हात मिठाच्या पाण्यात. तिने मान वर केली.

"न्दियाय," मास्तर म्हणाले.

"न्दियाय," आई म्हणाली.

"न्दियाय."

"न्दियाय."

खूप वेळ चाललं ते, जुनी माणसं एकमेकांना आडनावाने मान देतात तसं. मग आई म्हणाली, "तू माझ्या घरचा आहेस. म्हणून मी तुला काही बोलणार नाही. बोलायला मी एक मुलगी दियोपांना दिली, तिने बोलून घेतलं. तू फक्त बघ."

आणि तिने बाजूला होऊन त्यांना माचांमधून वाट करून दिली. मास्तर गेले. बूट खाऱ्या चिखलात रुतले. धुराने डोळ्यांत पाणी आलं. धुरानेच, असं बिराम म्हणतो. त्यांनी लाल खुंट्या पाहिल्या, भाजत्या तारल्या पाहिल्या, आणि नाव विचारत एकेका बाईचा हात हातात घेतला. आईने त्यांना एक भाजलेली तारली दिली. ती त्यांनी उभ्याउभ्या काट्यांसकट खायला घेतली. समुद्राचा माणूस नाही, काटे काढता येत नव्हते. आई पुढे झाली आणि तिने काढून दिले.

मग ते म्हणाले, "मी वचन देत नाही. मागच्या वेळी दिली तेवढी पुरेत. पण आज दगड बसणार नाही."

गाडीत बसताना मला म्हणाले, "भातखाऊ."

"गुलाम," मी म्हटलं.

घरी येऊन आईच्या कुशीत शिरले तेव्हा तिच्या अंगाला धुराचा, मिठाचा वास येत होता. ती माझ्या वेण्यांवरून हात फिरवत राहिली आणि म्हणाली, "बघितलंस? विंचरलेलं बरं असतं." इतका अभिमान मला निकालाच्या दिवशीसुद्धा वाटला नव्हता, आणि या वेळी चप्पलही शाबूत आहे.

रविवार, १८ जानेवारी

सगळ्या देशाने ते पाहिलं. लोकांच्या फोनवर माझं तोंड, तिरप्या डोळ्यांचं. ओळखीच्या, अनोळखी सगळ्या दियोपांचे फोन येतायत. न्दियायही फोन करून शिव्या घालतात, प्रेमाने.

बिराम आला. पांढरा पडला होता. "मला तोंडघशी पाडलंस. माझं सगळं संपलं." मला वाईट वाटलं. काठ्या खाल्ल्या होत्या त्याने. मी चहाला बस म्हटलं, तो बसला नाही.

सोमवार, ९ फेब्रुवारी

बिरामला डाकारला बोलावलं. मला वाटलं, शिक्षा. निघाली बढती! वर असं कळवलं गेलं म्हणे की युवतीने अध्यक्षांशी मोकळा संवाद साधावा ही कल्पना मूळ बिरामची. सिदी इतका हसला की त्याच्या नाकातून चहा आला. मीही हसले. मग बिरामच्या वाटचा तिसरा पेला आम्ही दोघांनी अर्धा-अर्धा घेतला.

सरकारकडून मात्र अवाक्षर नाही. कारखाना रद्द नाही, होणार असंही नाही. सिदी म्हणतो, मास्तरला सगळं आधीपासून ठाऊक होतं, त्या दिवशी नाटक केलं. मी म्हणते, ठाऊक नव्हतं. कधी मला माझंच पटतं, कधी सिदीचं. आईला विचारलं तर म्हणते, "त्याला तेव्हा ठाऊक होतं का, याने काय फरक पडतो? आता ठाऊक आहे. आणि त्याला ठाऊक आहे हे आपल्याला ठाऊक आहे."

पूर्वी कोणी मास्तरांना बोललं की मला मिरच्या झोंबायच्या. आता मीच सिदीबरोबर बसून त्यांचे हिशेब काढते. डिझेल, शाळा, आधीच्या सरकारने पकडलेली आणि तुरुंगातून अजून न सुटलेली पोरं. पण वेगळंच झालंय काहीतरी. घरच्या माणसाचे काढतात तसे काढते. सोडून द्यायला नव्हे.

रविवार, २९ मार्च

ईद होऊन आठवडा झाला. रेडिओवर मंत्री म्हणाले, सिलानच्या जागेचा फेरविचार होईल, कारखान्यासाठी अन्य पर्याय पाहिले जातील. होईल, जातील. सिदी म्हणाला, "बघ, अजून भविष्यकाळच." खरं आहे. मी नाही नाचले.

पण काल बायकांनी खळ्यातल्या लाल खुंट्या उपटल्या. सरकारी लाकूड चांगलं पक्कं आहे. त्यांचे नव्या माचांना पाय झाले. कोणी विचारायला आलं नाही. ते पायाभरणीचं सिमेंट घमेल्यातच दगड होऊन पडलं होतं, ते सिदीने उचलून नेलं. दोर बांधून होडीचा नांगर केला. म्हणतो, राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते अख्ख्या देशात बसलेला हा एकच दगड कामाचा.

आज मिठाची घोडागाडी आली. आई कमरेचं कापड खोचून पुढे गेली आणि तिने अख्ख्या हंगामाचं मीठ घेतलं. मग बाकीच्या बायकांनी घेतलं, एकीच्या मागे एक, गाडी रिकामी होईपर्यंत. गोणी उतरवायला मीही होते. गाडीवाल्याला सहज विचारलं, "बराच उतरला ना भाव?"

"छे!" तो म्हणाला. "नोव्हेंबरातही हाच होता."

मी आईकडे पाहिलं. ती पाठमोरी होती, पाठीवर मिठाची गोण घेऊन खळ्याकडे निघाली होती, ताठ.